मदत हवी आहे: ऑक्सिडाइज्ड एलडीएल आणि धमनीचं सैल न होणं

रॅटच्या महाधमनीच्या कड्या ऑक्सिडाइज्ड एलडीएलमध्ये (ऑक्सिडेशन झालेले, ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाहणारे कण) ठेवल्या की अ‍ॅसिटिलकोलीनला (हे एंडोथेलियमकडून, म्हणजे धमनीच्या आतल्या अस्तराकडून, स्नायू सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनवून घेतं) जेमतेम सैल होतात. सोडियम नायट्रोप्रुसाइडला (हे स्वतःच नायट्रिक ऑक्साइड देतं) मात्र व्यवस्थित. म्हणजे स्नायू ठीक आहे, बिघाड एंडोथेलियममध्ये. साध्या एलडीएलने असं होत नाही. ऑक्सिडेशन कॉपर सल्फेटने केलं, ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) आधी डायलिसिसने काढलं होतं, तांबंही नंतर काढलं (हे कुणीतरी विचारणारच!). एल-आर्जिनिनने (नायट्रिक ऑक्साइडचा कच्चा माल) फरक नाही. साधं एसओडीही (सुपरऑक्साइड या क्रियाशील ऑक्सिजन-रेणूला नष्ट करणारं एन्झाइम) निरुपयोगी, पण ते पेशीत शिरतच नाही, त्यामुळे त्यावरून काय ठरवणार?

नायट्रिक ऑक्साइड कमी बनतंय, की बनल्यावर सुपरऑक्साइड ते संपवतंय, हे ओळखायचंय. हाताशी फक्त ऑर्गन बाथ (कड्यांचा ताण मोजायचं उपकरण) आहे, नायट्रिक ऑक्साइडचा इलेक्ट्रोड नाही. पैसे एकाच रसायनापुरते: पेग-एसओडी (पेशीत शिरू शकणारं एसओडी) घेऊ की टेट्राहायड्रोबायोप्टेरिन (नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला लागणारा सहघटक)?