डिस्कस मासा काळा पडलाय, दाणा थुंकतोय. पावसाळ्यातल्या नळाच्या पाण्यानं की रोग आहे? (कोल्हापूर)

राजारामपुरी_टँक
नमस्कार मंडळी. माझा तीन फुटी टँक आहे, ३ बाय दीड बाय दीड, म्हणजे भरून साधारण १९० लिटर. त्यात पाच डिस्कस, सगळे तीन-साडेतीन इंचाचे, आणि जुन्या टँकमधले दोन एंजल मासे. कॅनिस्टर फिल्टर (टँकच्या बाहेर बसणारा डबा) आहे, २०० वॅटचा हिटर, तापमान २९ ला ठेवतो. उन्हाळाभर एकदम मस्त चाललेलं, मी समोर आलो की पाचही काचेला येऊन खायला मागायचे. जुलैचा पाऊस लागला, नळाला गढूळ पाणी यायला लागलं आणि तेव्हापासून सगळं बिघडलंय बघा. त्यातला ब्लू डायमंड जातीचा निळा डिस्कस पार काळा पडलाय, हिटरच्या मागं तोंड खाली करून उभा असतो, दाणा तोंडात घेतोय आणि थुंकतोय, शी पांढरी दोऱ्यासारखी लोंबतीय. दुसरा रेड टर्क जातीचा डिस्कस आहे तो खातोय पण एकाच बाजूचा कल्ला हलवतोय असं दिसतंय. दुकानात सांगितल्यावर त्यांनी एक निळं औषध दिलं, सगळ्यावर चालतं म्हणाले, अजून टाकलेलं नाही. इथल्या पाण्यावर डिस्कस ठेवणारे कोणी असतील तर सांगा, पोरीचा लई जीव आहे त्या निळ्यावर.

बावडा_डिस्कस
भावा ते निळं औषध मेन टँकमध्ये अजिबात टाकू नको. मेथिलीन ब्लू असणार ते, फिल्टरमधले जे बॅक्टेरिया अमोनिया खातात तेच मारतंय, मग आजार राहिला बाजूला आणि अमोनियानं पाचही जातील.

तू जे लिहिलंयस त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करून बघ. पांढरी दोऱ्यासारखी शी, दाणा थुंकणं, काळं पडणं हे पोटातल्या जंतूचं लक्षण, हेक्सामिटा म्हणतात त्याला सगळे. एका कल्ल्यानं श्वास म्हणजे बहुतेक गिल फ्लूक, कल्ल्यात बसणारी बारीक कृमी. आणि तिसरं पाणी, जे पावसात सुरू झालं म्हणतोस. नदीचं पाणी गढूळ झालं की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्हीचा डोस वाढतो, ते माणसासाठी बरोबरच आहे पण माशाचा कल्ला त्यानं भाजतो आणि फिल्टरचे बॅक्टेरियाही मरतात. कल्ला भाजला तरी मासा असाच श्वास घेतो, त्यामुळं पाणी तपासल्याशिवाय फ्लूक आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन मोठी होतात, एवढं त्या थराचं महत्त्व या माशात, आणि क्लोरीन पहिला घाव त्यावरच घालतो.

आधी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच टेस्ट करून आकडे टाक. पट्टीपेक्षा थेंबाची किट घे. आणि पाणी बदलताना थेट नळाचं टाकतोस की साठवलेलं ते पण सांग.

फुलेवाडी_ॲक्वा
मी म्हणते सरळ आरओ लावा. डिस्कस हा ॲमेझॉनचा मासा, तिथलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी, आपल्या नळाला ते मिळणारच नाही. आरओ लावला की क्लोरीन पण नाही, टीडीएस (विरघळलेले क्षार) पण कमी.

बावडा_डिस्कस
ताई राग मानू नका पण मला हे पटत नाही. रानातून पकडलेल्या माशाला किंवा अंडी-पिल्लं काढायची असतील तर मऊ पाणी पाहिजेच, तिथं तुमचं बरोबर. पण आपल्याकडं मिळणारे डिस्कस फार्मवर वाढलेले, पिढ्यान्‌पिढ्या टाकीतले, पीएच साडेसात असला तरी चालवून घेतात. त्यांना मारतो तो चढउतार. नुसतं आरओचं पाणी टाकलं तर त्यात क्षारच नसतात, मग पीएच धरून ठेवायला काही उरत नाही आणि एका रात्रीत धाडकन खाली येतो. मिसळून वापरायचं असेल तर दर वेळी तेच प्रमाण ठेवायला लागतं, ते जमणार असेल तरच. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, ते आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी जड असतं, तिथं आरओ मिसळलेला बरा.

राजारामपुरी_टँक
आकडे घ्या. अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५, नायट्रेट २०, पीएच ७.८. पाणी थेट नळाचं, अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याएवढे टाकून. आठवड्याला निम्मं बदलतो.

बावडा_डिस्कस
बघ, सापडलं. चालू टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, ते दिसतायत म्हणजे फिल्टर अर्धा मेलाय. आणि पीएच जितका वर तितका अमोनिया जास्त विषारी, ७ वरून ८ ला गेला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, त्यात गरम पाणी, म्हणजे तुझा ०.५ हा साधा ०.५ नाही.

आता एक मोठा ड्रम घे, शंभर-दीडशे लिटरचा, त्यात नळाचं पाणी भर, अँटी-क्लोरीन टाक, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आत टाकून पूर्ण एक दिवस चालू ठेव. त्यानं क्लोरीन जातं, गढूळ असेल तर गाळ पण खाली बसतो (तळाचं पाणी घेऊ नको). टाकायच्या आधी ड्रममध्ये हिटर लावून टँकएवढं तापमान कर, पावसात ड्रमचं पाणी चांगलंच गार असतं. असं पाणी रोज पाव भाग बदल, अमोनिया शून्यावर येईपर्यंत. खाणं निम्मं कर, उरलेलं लगेच सायफनने काढ. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. २९-३० ला पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो म्हणून मेन टँकमध्ये पण एअर स्टोन पाहिजेच, आणि लाईट जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेव, फिल्टर बराच वेळ बंद पडला की आतले बॅक्टेरिया गुदमरतात.

निळ्याला वेगळा काढ. ४० लिटरचा मोकळा टँक, खाली वाळू नको, स्पंज फिल्टर, तापमान हळूहळू ३२ पर्यंत. मेट्रोनिडाझोल ४० लिटरला २५० मिलिग्रॅम, एक दिवसाआड निम्मं पाणी बदलून परत डोस, असे तीन. खायला लागला की औषध खाण्यात मिसळून दिलेलं जास्त लागू पडतं कारण जंतू आतड्यात असतो. टर्कला आठवडाभर चांगलं पाणी मिळू दे, तरीही एकच कल्ला हलवत असेल तर प्राझिक्वांटेल (कृमीचं औषध), आणि तो डोस आठवड्यानं परत द्यायचा, कृमीची अंडी पहिल्या डोसला मरत नाहीत.

मंगळवार_पेठ_मत्स्य
वरच्या सगळ्याला दुजोरा. खाण्याबद्दल एक, जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) देत असाल तर आजच बंद करा, गटारीच्या गाळात वाढतात ते, पोटातले आजार तिथनंच येतात. फ्रोझन ब्लडवर्म द्या, नाहीतर घरी कोळंबी सोलून, धागा काढून, बारीक वाटून चपट्या पिशवीत फ्रीज करा, रोज थोडा तुकडा मोडून द्यायचा. बाहेरच्या देशात बीफ हार्ट वापरतात, आपल्याकडं कोळंबीवर मासे छान वाढतात, मी बघितलंय. देशी बदामाची वाळून पडलेली पानं धुऊन एक-दोन टाकली तरी चालतात, पाणी थोडं चहाच्या रंगाचं होतं, माशाला बरं वाटतं, पण त्यानं पीएच फार उतरेल अशी आशा ठेवू नका.

राजारामपुरी_टँक
ड्रम आणला, भरून एअर लावलाय. निळ्याचा टँक उद्या सकाळी लावतो. ट्युबिफेक्स पण बंद. एंजलचं काय करू? इतके दिवस एकत्रच आहेत.

बावडा_डिस्कस
एंजल काढच. ते स्वतः ठणठणीत दिसतात पण हेक्सामिटा आणि फ्लूक दोन्ही अंगावर बाळगून असू शकतात, शिवाय खायला चपळ, डिस्कसच्या तोंडचं पळवतात. जुन्या टँकमध्ये परत सोड, आणि जाळी, पाईप, बादली दोन्ही टँकला वेगळी ठेव. सोबत पाहिजेच असेल तर पुढं कार्डिनल टेट्रा किंवा स्टर्बाय कोरी हे छोटे मासे आण, ही गरम पाण्यात टिकतात, पण चार-सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवूनच. निळा बरा झाला की एकटा ठेवू नको, परत पाचात सोड, कमी असले की एकमेकांना मारतात. उद्या औषध टाकल्यावर त्याचा श्वास कसा चाललाय ते लिही, फार जोरात असेल तर तापमान ३० च्या वर नेऊ नको.