पाइप ऑर्गनवर रॉक गाणी: प्रसार की नुसती गर्दी?

प्रवासी_पक्षी: अमेरिकेत सॅन दिएगोच्या बाल्बोआ पार्कात उघड्यावर स्प्रेकल्स ऑर्गन आहे, म्हणजे पाइपांत हवा सोडून वाजवायचं अवाढव्य वाद्य. स्प्रेकल्स बंधूंनी १९१४ मध्ये शहराला दिलेला. ५,००० हून जास्त पाइप, सर्वांत लांब ३२ फुटी. रविवारी दुपारी २ वाजता फुकट मैफल. १९८८ पासून स्प्रेकल्स ऑर्गन सोसायटी या वाद्यासाठी खपतेय, त्याबद्दल दंडवतच. पण हल्ली जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या रचनांसोबत रॉकही वाजतं. मला हे पटत नाही. लोक ओळखीच्या चालीला टाळ्या देतात आणि वाद्य विसरतात. बाखच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच चाल वेगवेगळ्या सुरावटींत मागोमाग येते त्या रचनेत, पाय खालच्या पायपट्ट्यांवर खर्जाची स्वतंत्र चाल चालवतात, वर दोन्ही हात आपापल्या. ती मजा ऐकवा ना!

तिरकस: असहमत. ऑर्गनला सोवळं कुणी नेसवलं? १९१४ मध्ये घरोघरी रेडिओ नव्हता, ऑर्केस्ट्रा ऐकायला मिळणंही दुर्मीळ. शहराशहरांतले ऑर्गनवादक तेव्हा ऑपेरातल्या गाजलेल्या चाली ऑर्गनवर बसवून लोकांना ऐकवायचे. हे दुकान पहिल्यापासून असंच चालतं.

पायपेटी: आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन वेगळा बरं का. तो पायानं भाता मारायचा, सूर धातूच्या पट्ट्यांचा. इथे बहुतेक पाइप म्हणजे बासऱ्याच. ऊन वाढलं की त्यांचा सूर चढतो; ज्यांत धातूची पट्टी थरथरते ते पट्टीवाले पाइप मात्र जवळपास जागेवर राहतात, मग दोघांचं पटेनासं होतं. त्यात बाल्बोआ पार्कावरून विमानं उतरतात. अशा जागी नाजूक फ्यूगचा हट्ट कशाला?

प्रवासी_पक्षी: विमानांचं कबूल. म्हणून मारवा सोडून लावणी धरायची?

तिरकस: लावणीला कमी समजलात, तिथेच तुमचं चुकलं.

बिनतारी: एवढा खटाटोप हवाय कशाला? डिजिटल ऑर्गन आणि चांगले स्पीकर. सुराची कटकट नाही.

पायपेटी: ३२ फुटी पाइपचा सर्वांत खालचा सूर साधारण १६ हर्ट्झ. तो कानाआधी बाकाला कळतो. स्पीकरवर तेवढा आणायचा तर स्पीकरही खोलीएवढे लागतील.

रविवारची_आई: तुम्ही सगळे श्रोत्यांवर भांडताय. वाजवणारे कुठून येणार? माझी लेक अमेरिकेत ऑर्गन शिकते. हे वाद्य घरी आणता येत नाही, रियाजाला चर्चची किल्ली मिळवावी लागते. एकेका किल्लीसाठी मी किती फोन केलेत, विचारू नका. अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स ही ऑर्गनवादकांची संघटना १८९६ पासून आहे. तिच्यातर्फे १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ‘पाइप ऑर्गन एन्काउंटर्स’ ही शिबिरं होतात, आणि गावोगावच्या शाखा ती चालवतात. प्रसार म्हणतात तो हा. आणि लेकीला बाखनं ओढलं नाही, रॉकनंही नाही. पायपट्ट्यांवर वाजवायचे पातळ तळव्याचे खास बूट असतात, ते तिला हवे होते!

प्रवासी_पक्षी: बूट! हे डोक्यातच आलं नव्हतं. स्प्रेकल्सच्या हवापेटीत, म्हणजे पाइपांना हवा पुरवणाऱ्या बंद खोलीत, तर वाद्य चालू असताना माणूस उभा राहू शकतो. पोरांना आधी तिथे न्यावं.

तिरकस: न्या की. बाहेर आल्यावर काय वाजवणार?

प्रवासी_पक्षी: बाख.