टीजे, लाउडनची अकॅडमी की प्रायव्हेट? मुलगा आठवीत आहे

पोह्यांवर_शेव:
नमस्कार मंडळी, आम्ही व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असतो. लेक आठवीत, गणित आवडतं पण बोलायला जरा बुजरा. घरात तीन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो टीजे (थॉमस जेफरसन, सायन्स-टेक्नॉलॉजीचं पब्लिक हायस्कूल, निवडूनच घेतात), मी म्हणते लाउडनची अकॅडमी (आमच्या लाउडन काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, तशीच पब्लिक शाळा) आणि भावजी म्हणतात प्रायव्हेटला घाला, तिथले काउन्सेलर कॉलेजचं सगळं बघतात. वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर फी ऐकून मी हातातला झारा खाली ठेवला. नुसतं कॉलेजच्या दृष्टीने एवढा फरक पडतो का?

लोणच्याची_बरणी:
आमची लेक टीजेला अकरावीत आहे. अभ्यासाला तोड नाही, कॅल्क्युलस झालं की मल्टिव्हेरिएबल, लिनिअर अल्जेब्रा शाळेतच, बारावीत रिसर्च प्रोजेक्ट कम्पल्सरी, आणि आठव्या पिरियडला क्लब असतात ते तिला सगळ्यात आवडतं. पण अ‍ॅशबर्नहून बस म्हणजे रोज पहाटे अंधारात उठणं, पोळीचा रोल बसमध्येच खाते. शिवाय मिडल स्कूलला पहिली येणारी पोर तिथे मधेच कुठेतरी, पहिलं वर्ष रडण्यात गेलं.
आणि क्लासला पैसे घालू नका हो, २०२० मध्येच एंट्रन्स टेस्ट बंद झाली. आता साडेतीन जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, निबंध लिहायचे, साधारण ५५० जागा, त्यात प्रत्येक पब्लिक मिडल स्कूलच्या आठवीतल्या दीड टक्के मुलांना आधी घेतात. यावरून कोर्टबाजी झाली, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला.

दुपारची_झोप:
आमचा मुलगा प्रायव्हेटला, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय :) भावजींचं अगदीच चुकीचं नाही. काउन्सेलर मुलाला नावाने ओळखतो, त्याने लिहिलेलं पत्र वाचलं तर खरंच आपल्याच पोराबद्दल आहे असं वाटतं, पब्लिकमध्ये एकेका काउन्सेलरकडे शेकड्याने मुलं. पण एपी (शाळेतच शिकवतात ते कॉलेजच्या पातळीचे कोर्स) मोजत बसू नका, वॉशिंग्टन डीसीच्या आसपासच्या आठ नामांकित प्रायव्हेट शाळांनी २०१८ मध्येच एपी कोर्स बंद करायचं जाहीर केलं होतं. कॉलेजं मुलाला त्याच्या शाळेत जे मिळतं त्या हिशोबाने बघतात. आणि यूव्हीए (युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया) किंवा व्हर्जिनिया टेकची इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांसाठीची कमी फी तुम्ही व्हर्जिनियात राहता म्हणून मिळते, तिथे शाळेचा काही संबंध नाही. आम्ही पैसे भरले ते वर्गात चौदाच मुलं म्हणून, हा बुजरा पोरगा तिथे बोलायला लागला. कॉलेजसाठी म्हणून भरले असते तर मलाच झोप आली नसती.

लीसबर्गकर:
ताई, अकॅडमीला एक दिवस लीसबर्गला आणि एक दिवस आपल्या नेहमीच्या हायस्कूलला असं आलटून पालटून असतं. आमच्या मुलीचा बँड सुटला नाही आणि जुन्या मैत्रिणीही. मात्र दोन्हीकडचा होमवर्क एकाच आठवड्यात अंगावर येतो, कॅलेंडर सांभाळणारं पोर लागतं, आमची चार्जर एका शाळेत आणि लॅपटॉप दुसऱ्या शाळेत ठेवून आलेली आहे.

पोह्यांवर_शेव:
सगळ्यांचे आभार! लेकाला बसवून सगळं वाचून दाखवलं. लिनिअर अल्जेब्रा ऐकून डोळे चमकले, पहाटेची बस ऐकून विझले. मग विचारतो, "आई, एक दिवसाआड म्हणजे मित्र राहतील ना?" दोन्हीकडे अर्ज भरतोय. नवऱ्याला पटलंय, भावजींना रविवारी जेवायला बोलावलंय, आधी श्रीखंड वाढीन आणि मग सांगीन.