मदत हवी आहे: लेखिकेला आमच्या वाचनालयात बोलवायचंय

नमस्कार मंडळी, आमच्या गावचं वाचनालय शासनमान्य 'ड' वर्गातलं, म्हणजे अ ब क ड मधलं सगळ्यात खालचं, त्यामुळे अनुदान तुटपुंजं आणि नवी पुस्तकं वर्षातून एकदाच येतात. गेल्या वर्षी एका नव्या लेखिकेची कादंबरी आली आणि ती कपाटात थांबतच नाही, पुस्तकाच्या मागे परतीच्या तारखा टाकायच्या चिठ्ठीवर जागा संपली तेव्हा ग्रंथपाल काकूंनी खळ लावून खाली दुसरी चिकटवली! 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला त्यांना बोलवावं असं फार मनात आहे. पण मानधन किती द्यायचं, की प्रवासखर्च आणि जेवण-राहण्याची सोय पुरते? थेट फोन करावा की प्रकाशकांमार्फत जावं? आणि त्यांची पुस्तकं तिथेच विकायला ठेवली तर चालतं ना? कुणी असा कार्यक्रम केला असेल तर प्लीज सांगा.