आधी हेतू की आधी धंदा?
दादा, निपाणीतलं दुकान बरं चाललंय, चार पैसे सुटतात, तरी ‘हे सगळं कशासाठी’ हा प्रश्न पाठ सोडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांनी ‘आधी हेतू ठरवा, लिहून भिंतीवर लावा’ असं सुचवलंय. मला काही ते पटत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात काढलं ते सायकलचं दुकान. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर हे सगळं मागाहून. तो नांगरही सुरुवातीला कुणी घेईना, लोखंडानं जमीन नासते म्हणून! १९१० मध्ये बेळगावातली जागा सोडावी लागली, औंधच्या राजांनी जमीन दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण शेतकरी कुठं अडतोय हे त्यांना कळलं ते धंद्यात पडल्यावरच.

माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथचं, म्हणजे यंत्रावर लोखंड कातून सुटे भाग करून द्यायचं, जॉबवर्क आहे. खानापूरकडची पोरं येतात, आयटीआय झालेली, पण बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर हातात दिला की आकडा सांगताना चाचरतात. संध्याकाळी मशीन पुसून झालं की रिजेक्ट झालेला एखादा शाफ्ट (यंत्राचा लोखंडी दांडा) पुढ्यात टाकतो. माप घे, कुठं बिघडलं सांग. याचे पैसे मिळत नाहीत. उलट तयार झालेलं पोरगं जरा जास्त पगार दिसला की पुण्याला पळतं (तेव्हा डोकं फिरतंच). तरी सकाळी शटर उघडायला हुरूप येतो तो त्या शाफ्टमुळेच.

तुमच्याकडं गिऱ्हाईक वारंवार कुठं अडतं ते महिनाभर वहीत टिपून बघा. आणि हेतूच्या नादात उधारीची वही तेवढी बंद करू नका.