मदत हवी आहे : सिझेरियनची तारीख ठरली, नंतरचं कसं निभावलंत?

मैत्रिणींनो, बाळ पायाळू आहे, त्यामुळे ३९ व्या आठवड्यात सिझेरियन ठरलंय. पहिली डिलिव्हरी नॉर्मल होती, म्हणून टाक्यांचा अनुभव शून्य. आधी सहा तास काही खायचं नाही, पाठीत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करणार, मी शुद्धीत असणार, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलंय. ते ठीक. माझी धास्ती नंतरची आहे.

लघवीची नळी काढल्यावर पहिल्यांदा पलंगावरून उठायचं कसं? कुशीवर वळून हाताच्या जोरावर उठा म्हणतात, पण नेमकी तेव्हाच शिंक आली तर? पोटाशी उशी घट्ट धरल्याने खरंच फरक पडतो का? बाळाचे पाय टाक्यांवर येऊ नयेत म्हणून त्याला बगलेखाली धरून कुणी दूध पाजलंय का? एकटीला जमतं?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न मोठ्या लेकीचा. तीन वर्षांची आहे, उठसूट 'उचलून घे'. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही म्हणे. तिला कसं थोपवलंत? (नवरा म्हणतो, 'समजावू की तिला.' त्याला शुभेच्छा!)

बॅगेत टाक्यांना न घासणारे, कमरेच्या वरपर्यंत येणारे कपडे भरलेत. आणखी काय घेऊ? 'घाबरू नकोस' सोडून काहीही सांगा.