प्रोटॉन मेलचे पैसे भरू की नको? मालकाचं राजकारण पाहून अडली आहे

धरमपेठची_ताई:
माझं टॅक्स रिटर्नचं छोटं ऑफिस आहे, मी आणि हाताखाली एक मुलगी. क्लायंटचे पॅन, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट सगळं वर्षानुवर्षं जीमेलमध्ये पडून आहे, म्हणून प्रोटॉनचा (स्वित्झर्लंडची ती मेल सेवा, मजकूर कुलूपबंद ठेवते म्हणतात) पैसेवाला प्लॅन घ्यायचं जवळपास ठरलंच होतं, तर भाचा म्हणाला मावशी त्यांचा सीईओ अँडी येन ट्रम्पवाला आहे. पाहिलं तर खरंच, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्पने गेल स्लेटरला निवडलं त्याचं त्याने कौतुक केलं आणि वर म्हणे आता छोट्यांच्या बाजूने रिपब्लिकनच आहेत. मला तिकडच्या पक्षांशी घेणं ना देणं, पण प्रायव्हसीच्या नावावर पैसे घेणारा सत्तेच्या गळ्यात पडून राहिला तर माझा डेटा काय सांभाळेल?

बर्डीवाला:
ताई, स्लेटरची निवड मोनोपॉलीविरोधी खात्यासाठी होती, आणि गूगल ढिलं पडलं तरच प्रोटॉनची दुकान चालते, त्यामुळे तो खूष झाला यात नवल नाही. पण वाक्य फेकूच होतं. गूगल सर्चची केस ऑक्टोबर २०२० ला ट्रम्पच्या काळात दाखल झाली, बायडनच्या काळात लढली गेली आणि ऑगस्ट २०२४ ला जज अमित मेहतांनी गूगलला मोनोपॉलिस्ट ठरवलं, मग एकाच पक्षाला हार काहून घालायचा? मला खटकलं ते वेगळंच, कंपनीच्या अधिकृत अकाउंटवरूनही त्याची री ओढली, बोंब झाल्यावर पोस्ट उडवली आणि मग आम्ही न्यूट्रल! तसं गूगल तरी कुठे धुतल्या तांदळाचं, जानेवारी २०२५ च्या शपथविधीला पिचाई, झुकरबर्ग, बेझोस सगळे हजर.

रात्रपाळी_मिहान:
सीईओचं तोंड पाहूच नका, कोर्टाचा कागद आला तर कंपनीकडे द्यायला काय आहे ते पाहा. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या आदेशावरून प्रोटॉनने फ्रान्सच्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा नंबर, दिला होता, मेलचा मजकूर मात्र दिला नाही कारण तो त्यांनाच वाचता येत नाही. सिग्नल या मेसेजिंग ॲपला २०१६ मध्ये अमेरिकेत समन्स आलं तेव्हा अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं, एवढंच हाती लागलं. त्यात मालक डावा की उजवा याचा संबंध नाही.
आता तुमच्या कामाचं. प्रोटॉनमध्ये मेलचा विषय एंड टू एंड एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे कंपनीलाही वाचता येऊ नये असं कुलूप विषयाला लागत नाही, म्हणून विषयात पॅन नंबर टाकायचा नाही. आणि क्लायंट जीमेलवरून पाठवून राहिला तर त्याची कॉपी गूगलकडे राहतेच.

इतवारी_बंड्या:
मग झोहो घ्या ना, आपलं देशी! केंद्र सरकारच्या १२ लाखांवर कर्मचाऱ्यांचे मेल तिकडे गेले. झोहोचे संस्थापक वेम्बू संघाच्या कार्यक्रमाला गेले म्हणून ट्विटरवर गोंधळ झाला होता, संघाच्या रेशीमबागेच्या गावात, आपल्या नागपुरात, त्याचं काय अप्रूप 😄

रात्रपाळी_मिहान:
बंड्याभाऊ, झोहो मेल चांगलं आहे, पण जीमेलसारखीच किल्ली कंपनीकडे असते. देशी असणं वेगळं आणि वाचता न येणं वेगळं.

बर्डीवाला:
एक राहिलंच, २०२४ पासून प्रोटॉनचा मोठा हिस्सा जिनिव्हाच्या एका ना-नफा फाउंडेशनकडे आहे, म्हणजे उद्या गूगल थैली घेऊन आलं तरी विकणं सोपं नाही. पण त्या बोर्डावरही येन बसलाच आहे, त्यामुळे लय भुलू नका. मी म्हणतो आधी स्वतःचं डोमेन, म्हणजे मेल पत्त्यात @ नंतर येणारं आपल्या मालकीचं नाव, घ्या आणि पत्ता त्यावर बनवा. मग येन बिघडो की वेम्बू, बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे जाता येतं आणि क्लायंटला नवा पत्ता सांगत बसावं लागत नाही.

धरमपेठची_ताई:
डोमेनचं पटलं, या आठवड्यात घेते. प्रोटॉन एक महिन्यासाठीच घेऊन पाहीन, वर्षाचे पैसे आत्ताच देत नाही. पण आमच्या अर्ध्या लोकांना मेलच येत नाही हो, आधार कार्डाचा फोटो काढतात आणि सरळ व्हॉट्सॲपवर टाकतात, तेही कधीकधी फॅमिली ग्रुपवर. त्यांचं काय करायचं ते सांगा कोणी.